सावधपण कोणी शिकवावे?

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब हे गाव सबंध महाराष्ट्राच्या कानावर आहे ते एका शब्दामुळे. इ. स. १६०८ च्या रामनवमीस येथे सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी नारायण जन्मला. परंपरा सांगते की बाराव्या वर्षी, जवळच्या आसनगावी तो बोहल्यावर उभा असता, मंगलाष्टकांतील ‘सावधान’ हा शब्द त्याच्या कानी पडला आणि तो मांडवातून निघून गेला. पुढे तोच समर्थ रामदास झाला. ही कथा आम्ही लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलो आणि अनेक वेळा तिला मान डोलावली. परंतु कामगारांच्या संघटनेत तीस वर्षे घालविल्यानंतर आमची दृष्टी मांडवात दुसरीकडे जाऊ लागली. अंतरपाटाच्या पलीकडे एक मुलगीही उभी होती. ‘सावधान’ हा शब्द तिच्याही कानावर पडलाच असेल. पण सावध होऊन तिने जावे कोठे? मुलाला अवघे जग मोकळे होते, तिला मांडवाबाहेर पाऊल टाकण्यास वाट नव्हती. तिच्या नावाने कोणी उत्सव मांडला नाही.

स्त्रियांच्या आरोग्यज्ञानाचा इतिहास हा आमच्या मते त्या मुलीचा इतिहास आहे. ‘आरोग्यसाक्षरता’ हा शब्द अलीकडचा असला तरी गोष्ट जुनीच आहे. आपल्या देहात काय चालले आहे ते कळणे, कोणाला विचारावे हे कळणे, मिळालेल्या उत्तराची पारख करता येणे आणि शेवटी त्या ज्ञानाप्रमाणे वागता येणे, अशा तिच्या चार पायऱ्या आहेत. विद्वान मंडळी बहुधा पहिल्या तीन पायऱ्यांवर बोलतात, चौथीवर फारसे कोणी बोलत नाही. आम्ही शाळेत फारसे गेलो नाही. संघटनेच्या कचेरीत, रात्रीच्या दिव्याखाली, जुने कायदे आणि जुनी वर्तमानपत्रे वाचून जे काही शिकलो तेवढीच आमची विद्या. त्या विद्येच्या बळावर एवढेच सांगावयाचे आहे की, बायकांना कळत नाही म्हणून त्या आजारी पडतात हे अर्धेच सत्य आहे. कळूनही ज्याप्रमाणे वागता येत नाही ते ज्ञान हळूहळू मुके होते, हे उरलेले अर्धे.

प्रारंभ जांबच्याच सुपुत्रापासून करू. दासबोधाच्या तिसऱ्या दशकातील पहिला समास जन्मदुःखाचे निरूपण करतो. लोक तो वैराग्यासाठी वाचतात. आम्ही तो एकदा इतिहासाचा कागद म्हणून वाचला आणि अंगावर काटा आला. मूल पोटात आडवे आले म्हणजे सतराव्या शतकात काय करीत, ते समर्थांनी तेथे लपवून न ठेवता सांगितले आहे. शस्त्र घेऊन मुलाचे हातपाय, हाताला लागेल तो अवयव कापून बाहेर काढावयाचे. मूल तर जाईच, पुष्कळदा आईचाही प्राण जाई. समर्थांचा रोख जिवाच्या यातनांवर आहे. तरी त्या ओव्यांतून त्या काळच्या बाळंतिणीच्या खोलीतला अंधार दिसतो. ‘आडवे आले’ हा शब्द तेव्हाच्या सुइणीला ठाऊक होता आणि आजच्या सुइणीलाही ठाऊक आहे. तेव्हा निदान होते, पण उपाय नव्हता.

सुइणीचे ज्ञान हाताचे ज्ञान होते. ते तुच्छ लेखण्याचे कारण नाही. पोटावरून हात फिरवून डोके कोठे आहे हे ती सांगे. बाळंतिणीस शेक, धुरी, डिंक-खारकांचे लाडू, शेपा-बाळंतशेपा, सव्वा महिन्याची विश्रांती, ही सारी व्यवस्था अडाणीपणाची नव्हती. मात्र तिच्याच शेजारी नाळ कापण्यास घेतलेला विळा होता, नाळेवर लावलेली राख किंवा शेण होते आणि ‘बाळाला बाधेल’ म्हणून फेकून दिलेले पहिले चिकाचे दूध होते.

आमच्या आईची दोन मुले ‘सटवीने नेली’ असे ती सांगत असे. पाचवी पुजली, सहाव्या दिवशी मुलाने अंगावर पिणे सोडले, जबडा बसला, अंग ताठले आणि मूल गेले. पुष्कळ वर्षांनी एका परिचारिकेने आम्हांस समजावून दिले की हा नवजात बालकाचा धनुर्वात. अस्वच्छ हत्याराने नाळ कापली की जंतू शिरतात आणि साधारणपणे पहिल्या आठवड्याच्या सुमारास लक्षणे दिसतात. म्हणजे पाचव्या-सहाव्या दिवसाची भीती हे आमच्या बायकांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे अचूक निरीक्षण होते. दिवस बरोबर होता, लक्षण बरोबर होते, कारण तेवढे चुकले होते. गरोदरपणी टोचून घेतलेली लस आणि नवे पाते यांनी ती सटवी हटली. २०१५ साली भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. आई तोवर हयात नव्हती. तिला कोणी अडाणी म्हटले तर आम्हांस अजून राग येतो. तिने पाहिले होते ते खरे होते. त्याचा अर्थ सांगणारे माणूस तिच्या दारापर्यंत आले नव्हते, एवढाच काय तो तिचा अडाणीपणा.

अर्थ सांगणारी माणसे महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात उभी राहू लागली. १८५५ साली, फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने ‘ज्ञानोदया’त निबंध लिहिला. त्यात आपल्या जातीच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, हे दुःख तिने मांडले. वैद्यकाचे पुस्तक न पाहिलेल्या त्या मुलीने रोगाचे मूळ मात्र नेमके धरले होते: ऊन, पाऊस, थंडी आणि समाजाची पाठ. पुढे आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी बाळंतपण आले, दहा दिवसांत मूल गेले, आणि ते दुःख उरी बाळगून ती मुलगी सातासमुद्रापलीकडे गेली. १८८६ साली पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ती एम. डी. झाली. प्रबंधाचा विषयही तिने हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच निवडला. दुसऱ्याच वर्षी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधी, तिचे निधन झाले. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन उभे केले आणि तेथून बायका परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. १९२१ मध्ये र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे काम आरंभिले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत, खटले अंगावर घेत, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले.

या सर्वांचे ऋण मोठे आहे. परंतु त्यांचा शब्द पोचला तो जिला वाचता येत होते आणि जिच्या घरात मासिक येत होते तिच्यापर्यंत. आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा उर्दू, वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. मराठी मुलींच्या शाळा बोटांवर मोजण्याइतक्या. जालन्यास मिशनऱ्यांचा दवाखाना होता, पण गोदाकाठच्या गावांतून बैलगाडीने तेथे पोचेपर्यंत बाळंतीण अर्ध्या वाटेत राही. १७ सप्टेंबर १९४८ नंतर हा मुलूख मोकळा झाला. पुण्यामुंबईच्या बायकांनी जो रस्ता पाऊणशे वर्षांपूर्वी धरला होता, त्याच्या तोंडाशी आमच्या आया तेव्हा कोठे येऊन उभ्या राहिल्या.

पण शिक्षणावाचूनही ज्ञान कसे वाढते, आणि शिक्षण असूनही ते कसे अडते, हे मुंबईच्या गिरणगावाने दाखविले. हा भाग आमच्या घरचा असल्याने त्यावर थोडे थांबतो. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात गिरणीकामगार स्त्रिया कामावर जाताना तान्ह्या मुलास अफूची ‘बाळगोळी’ देत. मूल दिवसभर निजून राही. १९२२ च्या सुमारास सरकारने नेमलेल्या एका स्त्री-डॉक्टरने या बायकांची चौकशी केली, तेव्हा ही चाल किती सर्रास आहे ते उघड झाले. सुशिक्षित जगाने ‘काय हे अज्ञान!’ म्हणून कपाळाला हात लावला. अज्ञान? अफूने मूल सुकते हे त्या आईला दिसत नव्हते काय? मूल घरी, आई साच्यावर, पाळणाघर नाही, आणि गैरहजर राहिले तर बदली उभी, अशा स्थितीत तिला दोन वाईटांतून एक निवडावे लागत होते. तेथे व्याख्यानाचा उपयोग नव्हता. उपयोग रजेचा आणि पाळणाघराचा होता.

ही गोष्ट ज्यांना प्रथम उमगली त्यांत ना. म. जोशी होते आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूतिविषयक विधेयकास पाठिंबा देताना बाबासाहेबांनी दोन मुद्दे मांडले. बाळंतपणाआधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. आणि जो मालक बायकांच्या श्रमाचा फायदा घेतो त्याने या खर्चाचा काही भार उचलला पाहिजे. १९२९ साली मुंबई प्रांताचा तो कायदा झाला. हिंदुस्थानातील अशा प्रकारचा तो पहिलाच. पुढे १९६१ चा देशव्यापी कायदा आला. २०१७ च्या दुरुस्तीने त्याची रजा २६ आठवड्यांवर गेली.

कायद्याचा गुण सांगताना दोषही सांगितला पाहिजे. खर्च नको म्हणून गिरण्यांनी बायकाच कमी करण्यास सुरुवात केली आणि आमच्या संघटनांनी त्याला पुरेसा विरोध केला नाही. शिवाय हा कायदा कारखान्याच्या फाटकातून आत शिरला, पण शेतापर्यंत चालत आला नाही.

शेतावरच्या बाईला ज्ञान कोणी द्यावयाचे? याचे एक उत्तर जांबपासून फार दूर नसलेल्या जामखेडने दिले. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तेथे काम सुरू केले. प्रथम त्यांनी गावोगाव शिकलेल्या परिचारिका ठेवण्याचा प्रयत्न केला, पण परकी, शहरी मुलगी गावात रुजेना. मग गावानेच निवडलेल्या बायका त्यांनी शिकविण्यास घेतल्या. त्यांत पुष्कळ निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या, कोणी नवऱ्याने टाकलेल्या होत्या. आठवड्यातून एकदा त्या एकत्र जमत, एकत्र जेवत, शिकलेले परस्परांना सांगत आणि गावी परतत. १९७१ साली त्या भागात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १७६ वर्षाच्या आत मरत. पुढील वीस-पंचवीस वर्षांत तो आकडा विसाच्या आसपास आला. अक्षर न ओळखणारी बाई अतिसार ओळखू लागली, गुळ-मिठाचे पाणी पाजू लागली, बाळंतपण सुरक्षित करू लागली. साक्षरता आणि आरोग्यसाक्षरता या दोन बहिणी असल्या तरी एकीसाठी दुसरीने थांबून राहण्याचे कारण नाही, हे जामखेडने सिद्ध केले. त्याहून मोठी गोष्ट ही की त्या बायकांना प्रथम मान मिळाला आणि मगच त्यांचे ज्ञान गावाने मानले. काल जिच्या हातचे पाणी चालत नव्हते तिला आज लोक विचारू लागले, तेव्हा तिचा शब्द औषधाइतका चालू लागला.

दुसरे उत्तर गडचिरोलीहून आले, आणि ते अस्वस्थ करणारे होते. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली; तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. शंभरात ९२ बायकांना जननेंद्रियांचा कोणता ना कोणता विकार होता, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या शंभरात जेमतेम आठ होत्या. सरकारला तोवर बाईचे पोट फक्त कुटुंबनियोजनाच्या वेळी आठवत होते. ‘अंगावर पांढरे जाणे’ हा शब्द ती सासूजवळ कुजबुजत होती, नवऱ्याजवळ बोलत नव्हती, पुरुष डॉक्टरसमोर तर ओठही उघडत नव्हती. मुकाट सोसणे हेच तिला शिकविलेले आरोग्यशास्त्र होते.

आता आमच्या दाराशी येतो. १९७६ साली पैठणचे जायकवाडी धरण पुरे झाले, डावा कालवा अंबड-घनसावंगीतून वाहू लागला, ऊस आला, साखर कारखाने आले. पाणी सर्वांच्या शिवारात पोचले नाही. ज्यांच्याकडे ते आले नाही ते कोयता घेऊन दुसऱ्यांचा ऊस तोडण्यास निघाले. बीड, जालना, परभणीकडची ही माणसे दसरा-दिवाळीस घर सोडतात आणि चैत्राच्या सुमारास, जांबेत रामनवमीचा उत्सव भरतो तेव्हा, परततात. नवरा-बायको मिळून हिशेबात एक कोयता. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली. पहाटेच्या अंधारात फडात उतरावयाचे, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीवर चढवावयाच्या, रात्र पाचटाच्या कोपीत काढावयाची. संडास नाही, न्हाणीला आडोसा नाही, महिन्याच्या दिवसांत कपडा धुण्यास पाणी नाही. एक दिवस चुकला तर खाडा आणि त्याचा दंड. अशा जगण्यात अंगावर जाणे, पोटात दुखणे हे येणारच. मग एखाद्या दवाखान्यात तिला सांगण्यात येते, ‘पिशवी खराब झाली, उद्या कॅन्सर होईल, काढून टाका.’ ती काढते.

२०१९ साली या गोष्टीचा बोभाटा झाला आणि सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ऊसतोडीस जाणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे दर सहा बायकांत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१५-१६ साली, पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत देशाचा आकडा शंभरात सुमारे तीन होता. वयाचा फरक वजा घातला तरी ही तफावत निसर्गाने केलेली नाही. तरुणपणी पिशवी काढली, विशेषतः बीजकोशही काढले, तर हाडे ठिसूळ होतात, अंगाची लाही होते, मन खचते. हे तिला सही घेताना कोणी सांगितले नव्हते.

त्या सुमारास आम्ही एका टोळीच्या कोप्यांवर सभा घेतली. ‘उगाच पिशवी काढू नका, दुसऱ्या डॉक्टरला विचारा, पांढरे जाणे म्हणजे कॅन्सर नव्हे,’ असे आम्ही तासभर समजावीत होतो. बायका शांतपणे ऐकत होत्या. शेवटी तिशीतली एक बाई उठली आणि म्हणाली, “दादा, तुमचं समदं खरं. पण दर महिन्याला चार दिवस मला वाकवत न्हाई. त्या चार दिवसांचा खाडा तुमची संघटना भरती का?”

आम्हांस उत्तर देता आले नाही. परत येऊन आमच्याच जुन्या मागणीपत्रकांची फाईल काढली. टनामागे दर वाढवा, मुकादमाचे कमिशन वाढवा, बैलांचा विमा उतरवा, अशा मागण्या होत्या आणि त्या रास्तही होत्या. पण संडास हा शब्द एकाही कागदावर नव्हता. महिन्याच्या दिवसांची रजा नव्हती, बाळंतपण नव्हते. वाटाघाटीस बसणारे सर्व पुरुष होतो. बैलाच्या दुखण्याची आम्हांस आठवण झाली, बाईच्या दुखण्याची झाली नाही. अडाणी बायकांना शहाणे करण्यास गेलेलो आम्ही, खरे अडाणी कोण हे त्या रात्री कळले.

ऑगस्ट २०२२ मध्ये जांबच्या राममंदिरातील मूर्ती चोरीस गेल्या. गाव पेटून उठले, विधिमंडळात प्रश्न निघाला, पोलिसांची पथके परराज्यात गेली आणि काही आठवड्यांत मूर्ती सापडल्या. हे योग्यच झाले. परंतु देवळाच्या आतल्या खोलीला आपण गाभारा म्हणतो तो ‘गर्भ’ याच शब्दावरून. दगडी गाभारा रिकामा झाला तेव्हा अवघी पंचक्रोशी रडली. याच मुलखातल्या हजारो बायकांचे गाभारे रिकामे झाले तेव्हा कोणी फिर्यादही दिली नाही. त्या बायकांनी स्वतःही दिली नाही, कारण आपले काही चोरीस गेले हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

नियम पुढे झाले. बीडमध्ये जिल्हा शल्यचिकित्सकाच्या परवानगीची अट आली. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांबाबतच्या मार्गदर्शक सूचना सर्व राज्यांनी अमलात आणाव्यात असे सांगितले. २००५ पासून गावोगाव आशा सेविका आल्या. जामखेडने जे बी पेरले त्याचेच हे पीक आहे, फक्त मजुरीच्या बाबतीत ते कोरडवाहू राहिले. दुसऱ्या बाईला तिचे हक्क समजावणारी आशा स्वतः कामानुसार मिळणाऱ्या मोबदल्यावर जगते आणि त्यासाठी तिला मोर्चे काढावे लागतात. आणि मूळ कारण अजून मांडवात उभेच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत जालना जिल्ह्यातील वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी जवळजवळ तिघींत एकीचे लग्न अठराच्या आत झालेले होते. पोरीला गावी एकटी ठेवून ऊसतोडीस कसे जावे, ही बापाची चिंता आहे, आणि लग्न झाले की एक नवा कोयता तयार होतो हा मुकादमाचा हिशेब आहे. पंधराव्या वर्षी लग्न, विशीच्या आत दोन मुले, पंचविशीला पिशवी जड, तिशीला शस्त्रक्रिया. या साखळीत पुस्तकी अज्ञानाची कडी एकच आहे; बाकीच्या उचल, खाडा, पाणी आणि भीती यांच्या आहेत.

म्हणून व्याख्यानमालेच्या चालकांस आणि वाचकांस आमची विनंती साधी आहे. आरोग्याची व्याख्याने अवश्य ठेवावीत. पण दसऱ्याच्या आधी, टोळ्या निघण्यापूर्वी ठेवावीत, आणि व्याख्यानानंतर त्याच मांडवात मुकादमाशी करार लिहावा. त्यात महिन्याचे दोन दिवस दंडावाचून सुटी असावी, फडाजवळ संडास आणि पाणी असावे, करारावर नवऱ्याच्या सहीबरोबर बाईचीही सही असावी. प्रत्येक बाईने डॉक्टरला दोन प्रश्न विचारण्याची सवय करावी: ‘काढले नाही तर काय होईल?’ आणि ‘दुसरा उपाय आहे का?’ हे दोन प्रश्न पाठ झाले तर अर्धी आरोग्यसाक्षरता झाली. उरलेली अर्धी, म्हणजे विचारून परत येईपर्यंत तिचा खाडा धरला जाणार नाही ही हमी, आम्ही पुरुषांनी आणि संघटनांनी मिळवून द्यावयाची आहे.

त्या टोळीतल्या बाईच्या प्रश्नाला आम्ही अजून पुरते उत्तर दिलेले नाही. मात्र तेव्हापासून आमच्या मागणीपत्रकात पहिले कलम तिचे असते. जांबच्या मांडवात एका मुलाने ‘सावधान’ ऐकले आणि त्याला वाट मिळाली. तोच शब्द ऐकणाऱ्या मुलीलाही वाट करून देणे हे काम चारशे वर्षे राहून गेले आहे.